आडवी होऊन ये, घाई नाही

४ मार्च

धाकटे,

कशी आहेस म्हणून विचारत नाही. कशी आहेस ते तुझ्या पोरीकडून कळलं. काळजातली झडप बदलायची, वीस तारखेला, आणि सख्ख्या बहिणीला ते भाचीकडून कळावं. तीही बिचारी चोरून बोलत होती, संडासात जाऊन. मध्येच पाणी सोडल्याचा आवाज आला. माझ्याशी बोलायला आता लोकांना संडासात जावं लागतं, इथवर मजल गेली.

मी येतेय. विचारत नाही, सांगतेय. तीन वर्षं तू बोलली नाहीस, मीही नाही. आता तुझ्या तोंडात नळी असेल, म्हणजे मला पोटभर बोलता येईल. हस की जरा. तुझं हसणं कधीपासून इतकं महाग झालं?

आता भानगड अशी आहे की तुझ्या त्या कोपऱ्यातल्या गावाला अजून विमान येत नाही. गाड्या त्याच दोन, येतानाही आणि जातानाही. बसायची गाडी दुपारी दोनला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचते. झोपायची रात्री आठला निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला टेकते. लोकांची झोप मोडू नये म्हणून ती वाटेत तीन तीन तास नुसती उभी राहते. पोरगा फोनवर बोट फिरवत विचारतो, "आई, बसून जाणार का झोपून?" जसं काही मी चहा घेणार का कॉफी.

मी म्हटलं, झोपायच्या गाडीत मी मेले तरी झोपणार नाही.

का ते ऐक. तुला माहीत नसेल, तुझे दाजी गेल्यावर मी कामाला लागले. पोराला लाज वाटते, तो लोकांना सांगतो, आई 'रेल्वेत' आहे. रेल्वेत म्हणजे यार्डाला लागून पत्र्याची लांब शेड आहे, तिथं. एका दारानं झोपायच्या गाडीतल्या चादरींच्या गोण्या येतात, दुसऱ्या दारानं कागदाचा पट्टा बांधलेल्या घड्या जातात. मध्ये आम्ही सहा बाया. मी झटकणीला. प्रत्येक चादर दोन्ही हातांनी धरून झटकायची, आत काही राहिलेलं असलं तर मशीन बिघडतं म्हणून. काय काय पडतं विचारू नकोस. विचार, विचार, मला सांगायचंच आहे. कापलेली नखं. चघळून चिकटवलेलं च्युइंगम, केसासकट. खोट्या पापण्या, त्या पहिल्यांदा पडल्या तेव्हा मी झुरळ समजून चप्पल मारली. उकडलेलं अंडं, अर्धं. गेल्या आठवड्यात वरची कवळी निघाली. मुकादमीण म्हणाली, मालक मागायला येईल, फडताळात ठेवा. आठ दिवस झाले, ती तिथून आमच्याकडं बघून हसतेय. मी डबा खाताना तिच्याकडं पाठ करून बसते.

आणि खरी घाण तर वेगळीच. आमच्याकडं तीन ढीग असतात. मळक्या, डागाच्या, आणि कडेच्या. कडेच्या म्हणजे बिछाना घातलाय पण कोणी नीट निजलेलं नाही, फक्त कडेला थोडी चुरगळलेली. त्या धुवायच्या नाहीत. फवारा मारायचा, इस्त्री फिरवायची, पट्टा बांधायचा, की झाली नवी. मुकादमीण शिट्टी वाजवत तो ढीग उचलते. तिचं नावच आम्ही शिट्टी ठेवलंय.

आता सांग, हे बघून मी त्यावर गाल ठेवू?

तू ठेवला होतास म्हणा. तुला चालतं.

ताई


१० मार्च

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. भाची म्हणाली, "मावशी, आईनं पत्र वाचलं. कवळीपाशी तिच्या नाकातून आवाज आला." म्हणजे हसलीस. लपवू नकोस, नाकातूनच हसतेस तू, लहानपणापासून.

बसायची गाडी कशी असते ते बघायला काल मी जेवणाच्या सुट्टीत यार्डात गेले. गाड्या झाडणारी एक आहे ओळखीची, तिनं दार उघडून दिलं. पोरगा सांगत होता, आई, खुर्ची मागं जाते, पाय लांब करता येतात, समोर टेबल आहे. आहे ना. टेबलाखाली हात घातला तर गारगार गोळ्या लागल्या, एकीला एक चिकटून. तेच च्युइंगम. लोकांना ते टाकायला टेबलाखालचीच जागा बरी सापडते. खुर्चीला जिथं डोकं टेकतं तिथं तेलाचा काळा गोल. खिडकीच्या काचेवर दुसरा गोल, कपाळाच्या उंचीचा. दोन खुर्च्यांच्या फटीत मी बोट घालणार होते, झाडणारी ओरडली, "नको! तिथं मीसुद्धा घालत नाही." आणि वास. ओल्या मोज्यांचा, जुन्या चीजचा आणि संडासातल्या औषधी पाण्याचा मिळून एकच वास. मी पाच मिनिटं बसले आणि डबा न खाताच परत आले.

म्हणजे झोपायचं तर दुसऱ्याच्या अंगावरच्या चादरीत, आणि बसायचं तर दुसऱ्याच्या डोक्याच्या तेलात. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही एखादी गाडी विकतच घ्या." तिला मी आवडते, पण ती दाखवत नाही. माझ्यासारखीच आहे.

पोरानं शेवटी स्वतःच्या मनानं झोपायचीचं तिकीट काढलं, सतरा तारखेचं. म्हणाला, "चौसष्ट वर्षांच्या बाईनं अठरा तास बसून जायचं नाही. पाय सुजतात. मावशीचं वीसला आहे, तू अठराला संध्याकाळी पोचतेस, सगळं आरामात." तिकीट फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावलंय. दूध काढताना रोज त्याला नाक मुरडते.

आता आपण दोघी जे टाळतोय ते बोलू. तूच टाळतेस, मी कुठं टाळते.

तुझे दाजी गेले त्या दिवशी पोराच्या बाहेरच्या खोलीत तीसेक माणसं होती. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. ते सकाळी अकराला गेले, हॉस्पिटलवाले थांबू देत नव्हते, चारला नेऊन सगळं उरकलं. आणि तू दारात उभी राहिलीस साडेसहाला. अंगात पांढरा कुडता, पाठीवर एक चुणी नाही. अंबाडा जसाच्या तसा, एक केस बाहेर नाही. मी दोन दिवस वेणी घातली नव्हती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "या. झोप झाली का छान?"

सगळ्यांनी ऐकलं. विहीणबाईंच्या हातातला चहा सांडला. तू काही बोलली नाहीस. पाण्याचा पेला घेतलास, न पिता खाली ठेवलास. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसायच्या गाडीनं परत गेलीस. ह्याचीच मला जास्त चीड आली. येताना झोपून आलीस, आणि जाताना, जेव्हा काहीच घाई उरली नव्हती, तेव्हा बसून गेलीस.

फोन मी वेळेत केला होता. आदल्या दिवशी बाराला केला होता, दोनची गाडी होती. आठला उतरली असतीस तर तीन तास मिळाले असते त्यांचे. तुला सायकल शिकवली त्यांनी, तुझ्या कोपरावरची ती खूण त्यांचीच. ते तुला विचारत होते.

बोलले ते जास्त बोलले, हे मान्य. पण माणूस त्या दिवशी काय बोलतं ते धरून ठेवायचं असतं का?

ताई


१५ मार्च

धाकटे,

आज शेडमध्ये जे झालं ते लिहिते. लिहायला हात होत नाही, पण उद्यापर्यंत थांबले तर मी त्यात काहीतरी पदरचं घालीन, माझा मला भरवसा नाही.

नवीन बाई आलीय कामाला, जाडी, हसरी. ती सारखी प्रश्न विचारते. आज कडेच्या ढिगापाशी उभी राहून म्हणाली, "हे कोण येडे आहेत? बिछान्याचे पैसे भरायचे आणि झोपायचंच नाही?"

शिट्टी म्हणाली, "ते आजाऱ्याकडं निघालेले असतात. नाहीतर मयताला. रोजच्या गाडीत दोन-तीन असतातच. कडेला बसून राहतात, दाराकडं तोंड करून. उशीला हात लावत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत? पोटात कळ आली असेल."

"बाईमाणूस असेल तर लगेच कळतं. आडवी झाली की केसातली पिन निघते. झटकताना पडतेच. कडेच्या चादरीत कधी पिन पडलेली पाहिलीयस? विचार हिला, ही तीन वर्षं झटकतेय."

हिला म्हणजे मला.

मी तीन वर्षं झटकतेय. मळक्या चादरीतून रोज मूठभर पिना निघतात, मी त्या एका बरणीत टाकते, बरणी दोनदा भरली. कडेच्या चादरीतून एकही नाही. एकही नाही, धाकटे. हे मला ठाऊक होतं आणि मला कधी सुचलं नाही.

तुझा अंबाडा जसाच्या तसा होता. कुडत्याला पाठीवर चुणी नव्हती. आडव्या झालेल्या बाईची पाठ कशी दिसते ते माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? खुर्चीला टेकून बसलं तरी पाठ चुरगळते. तू टेकलीही नव्हतीस. रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, बावीस तास, तू त्या बिछान्याच्या कडेला सरळ बसून होतीस. आणि मी तुझ्या त्याच अंबाड्याकडं बघून विचारलं, झोप झाली का.

मी मळक्या चादरींच्या ढिगावर मटकन बसले. जिथं मी डब्याची पिशवीसुद्धा टेकवत नाही तिथं. शिट्टी म्हणाली, "उठा, त्यात काहीतरी ओलं आहे." होतं. मला काही वाटलं नाही.

नंतर हात धुवायला गेले. आरशात तोंड दिसलं. मागच्या फडताळात ती कवळी होती. खरं सांगते, त्या दोन्हींत मला माझ्या तोंडाचीच जास्त शिसारी आली.

अजून एक गोष्ट आहे. ती कवळीपेक्षाही घाण आहे. ती आत्ता लिहीत नाही. समोर आल्यावर सांगेन. नाहीतर नाही सांगणार. मला ओळखतेस ना.

ताई


१८ मार्च, सकाळी सहा, गाडीत

धाकटे,

अक्षर हलतंय, समजून घे. हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देणार.

काल सकाळी अकराला भाचीचा फोन आला. या वेळी संडासातून नव्हता, उघड्यावरून होता. म्हणाली, "मावशी, आईचा निरोप आहे. ती मला आधी म्हणाली, सांग तिला येऊ नको. मग दहा मिनिटांनी विचारलं, कोणत्या गाडीनं येतेय. मी म्हटलं, झोपायच्या. तर म्हणाली, बरं आहे. म्हातारीला म्हणावं, आडवी होऊन ये, घाई नाही."

माझ्या हातात फ्रीजमधलं दूध होतं. ते ओट्यावर ठेवलं.

मी विचारलं, "अगदी हेच म्हणाली? आडवी होऊन ये, घाई नाही?"

"हो. अगदी हेच. का?"

"ऑपरेशन कधी आहे?"

"वीसला."

"खोटं बोलू नकोस. तुझी आई घाबरलीय. कधी आहे?"

ती रडायलाच लागली. "उद्या सकाळी दहाला. काल रात्री अलीकडं ओढलं. डॉक्टर म्हणाले थांबण्यात अर्थ नाही. आईनं शपथ घातलीय, मावशीला सांगू नकोस, ती बसून येईल आणि पाय सुजवून घेईल. पण मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं? ते शब्द माझे आहेत म्हणून कळलं.

आता ती घाण गोष्ट. वाच.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी साडेअकराला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, उद्या सकाळपर्यंत काय ते. मी बाराला तुला फोन केला. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात, चहाच्या मशीनपाशी उभी राहून. मशीनच्या जाळीत कोणाचा तरी उष्टा कप उलटा पडला होता, मी सगळा वेळ त्या कपाकडं बघत होते. तू म्हणालीस, "ताई, दोनची धरू का? पोचते मी स्टेशनवर, पिशवी तयार आहे." पिशवी तयार होती तुझी. आणि मी म्हटलं, "कशाला? तुला बसवत नाही इतकं. आडवी होऊन ये, घाई नाही. उद्या सकाळी ते उठून चहा मागतील."

तू पुन्हा विचारलंस, "नक्की ना?" मी म्हटलं, "मी काय खोटं बोलते का?"

का बोलले? तू बसून निघालीस म्हणजे ते चालले, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तू झोपून आलीस तर त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत थांबावंच लागेल, पाहुणी यायची असताना माणूस जातो होय? अशी अक्कल. सातवी शिकलेली बाई.

आणि ते थांबले नाहीत. सकाळी त्यांनी दोनदा विचारलं, "सायकलवाली आली का?" मी सांगितलं, वाटेत आहे.

मग त्या खोलीतले सगळे मला विचारायला लागले, सख्खी बहीण कशी पोचली नाही, कळवलं नव्हतं का? मी म्हटलं, बाराला कळवलं होतं. हे खरंच होतं ना. पुढचं कोणी विचारलं नाही. मग तू दारात आलीस, आणि मला भीती वाटली की आता ही बोलेल. म्हणून मी आधी बोलले.

तुला नुसतं म्हणायचं होतं, "तूच तर सांगितलंस." तीन शब्द. तीस माणसांत माझं तोंड काळं झालं असतं. तू पाण्याचा पेला घेतलास आणि खाली ठेवलास. तेव्हा मला वाटलं, ही आखडू आहे. मग वाटलं, हिला लाज वाटली. तुझ्या गप्प बसण्याला मी तीन वर्षं काय काय नावं ठेवली! तू मला झाकलंस हे एकच नाव सोडून.

फोन ठेवला आणि मी फ्रीजवरचं तिकीट काढून पिशवीत घातलं. पोराला कामावर फोन केला. तो म्हणाला, "आई, डोकं फिरलंय का? अठरा तास!" मी म्हटलं, "तुझी मावशी बावीस तास बसली होती, तेही बिछाना समोर असताना." त्याला काही कळलं नाही. सूनबाईला कळलं असावं. ती काही न विचारता स्टेशनवर घेऊन आली, खिडकीवरच्या माणसाशी भांडून तिकीट बदललं. तो म्हणत होता, लोक बसायचं बदलून झोपायचं मागतात, तुम्ही पहिल्याच. जाताना सूनबाईनं धुतलेली चादर दिली, खुर्चीवर टाकायला, आणि म्हणाली, "आई, टेबलाखाली हात घालू नका."

तर मी बसलेय. शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांचं नाव मी मोजे ठेवलंय, कारण त्यांनी सुटल्या सुटल्या बूट काढले आणि पाय समोरच्या खुर्चीच्या हातावर ठेवले. त्या मोज्यांना अंगठ्याशी भोक आहे आणि त्या अंगठ्याचं नख गाडीपेक्षा पुढं चाललंय. पुढच्या बाईनं खुर्ची मागं टाकली ती सरळ माझ्या मांडीवर, तिच्या डोक्यातला कोंडा मी रात्रभर मोजला. मागं एक जण खातोय, कालपासून खातोय, तोंड मिटून खाणं त्याला कोणी शिकवलंच नाही. संडासाबद्दल लिहीत नाही, तुझं आज ऑपरेशन आहे. दोनदा ओकारी आली, दोनदा गिळली. मोजेसाहेब एकदा म्हणाले, "आजी, टेका की जरा, अशा ताठ किती वेळ बसणार?" मी म्हटलं, "आठपर्यंत." पाय सुजलेत, चपलेच्या पट्ट्यावरून बाहेर आलेत पोळीसारखे. सूनबाईची चादर पिशवीतच आहे, घडी मोडली नाही.

भाची म्हणाली, ती स्टेशनवर नवऱ्याला पाठवतेय. साडेआठला तुझ्या खोलीत असेन. तुला दहाला नेणार. म्हणजे दीड तास आहे आपल्याकडं. चष्मा काढून घेतील त्याआधी हे वाच. वाचून झालं की पोरगी, जावई, नर्स, जे कोणी असतील ते सगळे आत असू देत. त्यांच्यासमोर मला विचार, "काय गं ताई, झोप झाली का छान?" मोठ्यानं विचार. मग मी त्या सगळ्यांना चहाच्या मशीनपासून सगळं सांगते. तू मध्ये बोलायचं नाहीस, पेला खाली ठेवायचा नाहीस.

आणि मग आत जा. घाई आहे, म्हणून आलेय. तुझी ती झडप काय म्हणते ते मला बाहेर बसून ऐकायचंय. किती वेळ लागेल तेवढा लागू दे, मला आता बसायची सवय झालीय.

गाडी हळू झाली. मोजे बूट घालतायत, देवाची कृपा. हे वाचून झालं की आधी माझ्या तोंडाकडं बघू नकोस. पाठ करून उभी राहीन, अंबाडा बघ. एक पिन हललेली नाही.

ताई